पायाचं मतदान

सासूबाईंच्या माहेराहून आलेला सोफा वर चढवताना जिन्याच्या वळणावर उभा अडकला. खाली उतरणारा जावई सासू-सासऱ्यांसोबत राहिला वरच्या बाजूला. फटीतून फार तर उशी गेली असती. आणि शाळेत आज त्याची नागरिकशास्त्राच्या शिक्षकाच्या जागेसाठी मुलाखत होती. आधीच्या जागा हुकल्यापासून सासरे त्याच्या ताटाकडे जरा जास्तच वेळ बघत असत.

"एक पाय कापा, सुटेल," सासरे म्हणाले.

"आधी माझा कापा!" सासूबाई म्हणाल्या.

"काय ते लवकर ठरवा," सोफ्याखालून हमाल ओरडला. "खांदा माझा आहे."

इस्त्रीच्या शर्टाला शोभेल अशा आवाजात जावई म्हणाला, "भांडण कशाला? लोकशाही मार्गाने ठरवू."

सगळ्यांना पटलं. तिथेच घोळ झाला.

"बरोबर," सासूबाई म्हणाल्या. "लोकशाही म्हणजे सगळ्यांना विचारायचं आणि मग मी म्हणते ते करायचं."

"लोकशाही म्हणजे बहुमत!" म्हणत सासऱ्यांनी वरच्या शेजारणीला आपल्या बाजूने बोलावून घेतलं.

"आधी चर्चा," खालच्या मजल्यावरचे वकीलकाका दारातून म्हणाले. "आणि माझं मत वहिनींना."

"आमच्याकडे वजन ज्याच्यावर, मत त्याचं," हमाल म्हणाला. "पण मी तटस्थ." त्याने खांदा काढून घेतला. सोफा आणखी घट्ट रुतला.

दोन्हीकडे सारखी मतं. उरलं जावयाचं.

"जावईबापू, घर कुणाचं आहे?" सासऱ्यांनी एका कानात विचारलं.

"जावईबापू, स्वयंपाक कोण करतं?" सासूबाईंनी दुसऱ्या.

"मतदान गुप्त हवं," जावई घाम पुसत म्हणाला. चिठ्ठ्या झाल्या, उघडल्या. सासूबाईंनी प्रत्येकाचं अक्षर ओळखलं. जावयाची चिठ्ठी कोरी निघाली. दोघंही त्याच्याशी बोलेनासे झाले.

तेवढ्यात शाळेतून फोन आला.

"सर, निघतोच आहे, फक्त जिन्यात जरा..."

"अहो, सावकाश या," पलीकडून कारकुनाने जांभई दिली. "मुलाखत कोणी घ्यायची, ते इथे लोकशाही मार्गाने ठरवतायत. सकाळपासून."

जावयाने फोन खिशात ठेवला.

"मग?" हमालाने खालून कुठूनशी आणलेली करवत वाजवली. "कापू का पाय?"

जावयाने बूट काढले आणि पायरीवर ऐसपैस बसला.

"घाई कसली? आधी फेरमोजणी होऊ द्या."