शेलारसरांचा रिकामा रकाना

शेलारसरांनी पहिल्याच दिवशी मला चपलेचा नंबर विचारला. पिंपरीतल्या आमच्या कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात मी नवीन होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, अनोळखी माणसाशी मराठीत बोलायचं म्हणजे आधी मनात वाक्य जुळवावं लागायचं. मी "पाच" म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढे विचारलं : उंची, रक्तगट, चहात साखर किती.

जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी एक रेकॉर्ड होती, आणि रेकॉर्ड म्हणजे रकाने. प्रोग्रॅम चुकला की बाकीचे डोकं धरून बसत. शेलारसर त्या रेकॉर्डचे सगळे रकाने छापायला लावत : रकान्याचं नाव आणि पुढे त्यात काय आहे ते. "गृहीत धरू नका, राव. छापून बघा." मलाही ते रावच म्हणत. एका बोल्टसाठी इतका कागद निघायचा की स्टोअरवाले म्हणत, शेलारांनी आज कोणाची कुंडली काढली?

डबा उघडला तरी तेच. फोडणीला काय घातलं, मीठ कोणी टाकलं. वडा फोडून आत पाहिल्याशिवाय खात नसत. त्यामुळे कॅन्टीनमध्ये त्यांच्या टेबलावर नेहमी जागा असायची. मी तिथेच बसायचे. त्यांच्यासमोर आपणहून काही बोलावं लागत नसे, नुसती उत्तरं द्यायची.

त्यांचा खरा राग रिकाम्या रकान्यावर. माहिती मुळात नाहीच, की आहे पण कोणी भरली नाही? छापल्यावर दोन्ही सारखंच दिसतं, माणूस तिथे फसतो, असं ते सांगत.

त्या वर्षी त्यांच्या पत्नीला मेंदूज्वर झाला. ताप उतरला, पण कुसुमताई घरी आल्या त्या बरंच काही विसरून. सर रोज संध्याकाळी त्यांना प्रश्न विचारत आणि उत्तरं ऑफिसातल्या कोडिंगच्या, चौकटी आखलेल्या कागदावर लिहीत. तो कागद ते मला दाखवत. गाव : चाकणजवळचं माहेर. भाऊ : दोन. गाईचंसुद्धा नाव होतं. नवऱ्याचं नाव : रिकामं. दोन महिने रिकामंच.

"आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत," सर म्हणाले. "एकोणीस वर्षांत तिनं कधी घेतलं नाही. मग आता विसरली, की घेत नाही?"

मी कोण, असं सरांनी कुसुमताईंना सरळ विचारलं असतं तर कळलं असतं. तेवढा एक प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. बाईमाणसाला सांगेल, तुम्ही येऊन विचारा, म्हणाले. मला नाही म्हणता आलं नाही.

रविवारी मी त्यांच्या संत तुकाराम नगरच्या घरी गेले. सर मुद्दाम स्वयंपाकघरात चहा करत राहिले. कुसुमताई वेणी घालून, पदर सावरून खाटेवर बसल्या होत्या. मी कसंबसं विचारलं, तुमच्या मिस्टरांचं नाव काय?

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, आता सांगतील. त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"माझं लगीन कुठं झालंय अजून? ह्ये रोज बघाया येत्यात. लई इचारत्यात. माणूस बरा हाय, पर वय जास्ती वाटतंय. तुमी त्यांच्याकडच्या का?"

मी हो म्हणाले.

सर तीन कप घेऊन बाहेर आले. कुसुमताईंनी चहा पिताना एकदाही वर पाहिलं नाही. निघताना सर मला जिन्यापर्यंत सोडायला आले. दार मागे ओढून घेतलं.

"घेतलं नाव?"

"लाजल्या," मी म्हणाले.

त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं.

"मग आहे," ते म्हणाले.

मी सावकाश जिना उतरले. कशा लाजल्या, कोणत्या शब्दावर लाजल्या, काही तरी विचारतील म्हणून प्रत्येक पायरीवर थांबत होते. त्यांनी काहीच विचारलं नाही.