उवांचा डॉक्टर

"उवा काढण्यात आपला हात धरनारा मानूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात सापडनार नाई!" नेरडीगोंड्याच्या बसस्टँडवर रामाजीनं छाती फुगवून सांगितलं. ज्याला सांगितलं तो बिचारा निर्मलच्या बसची वाट पाहत होता, आणि त्यानं काही विचारलंही नव्हतं!

रामाजी मंडल ऑफिसात शिपाई. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात बायको प्रयागबाई तापात गेली आणि पोरीची वेणीफणी त्याच्या गळ्यात पडली. त्यानं घातलेली पहिली वेणी शाळेच्या फाटकापर्यंतही टिकली नव्हती! पण हळूहळू हात बसला. दर रविवारी उंबऱ्यात बसायचं, चारुशीलेचं डोकं गुडघ्यांत धरायचं, फणी फिरवायची आणि तिच्या शाळेतल्या गमती ऐकायच्या. त्या तासाभरासाठीच रामाजी आठवडा काढायचा म्हणा ना. मग पोरगी सहावीत गेली, आदिलाबादच्या हॉस्टेलात तिचा नंबर लागला, आणि रविवारी काय करायचं हेच त्याला कळेनासं झालं.

भेटायची मुभा महिन्यातल्या एका रविवारी, तीही चारच्या घंटेपर्यंत. या खेपेला गावातल्या दुसऱ्या मुलीकरवी निरोप आला होता: सोमवारी हॉस्टेलात न्हावी येणार, आणि जिच्या डोक्यात ऊ सापडेल तिचं डोकं भादरणार! चारुशीलेचे केस म्हणजे थेट तिच्या आईचे, कमरेपर्यंत. आता प्रयागबाईचं दिसण्यासारखं तेवढंच उरलं होतं. रामाजीनं बारीक फणी, कडुलिंबाचं तेल आणि पांढरं फडकं पिशवीत घातलं आणि बस पकडली.

फाटकावर रेणुकाबाईचा पहारा होता. तिनं पिशवी उघडून पाहिली.

"सरकारनं धाडलं का तुमाले?"

"मंग! मी गवर्नमेंटचाच मानूस हाय!" रामाजी ऐटीत म्हणाला.

झालं! रेणुकाबाई आत तोंड करून तेलुगूत ओरडली, "पेल डॉक्टर वच्चिंडु!" उवांचा डॉक्टर आला! बघता बघता अंगणातल्या चिंचेखाली पोरींची ही झुंबड उडाली!

"मी डॉक्टर नाई वं पोरीहो! मी चारुशीलाचा बाप!" पण ऐकतं कोण? तेवढ्यात गर्दीतून चारुशीला धावत आली आणि त्याच्या कमरेला बिलगली.

"बस माय, पयले तुयं करू."

"बाबा, आधी हिचं करा. हिच्या घरचं कोनीच येत नाई."

ती इंद्रवेल्लीकडची बारकुडी पोर होती. रामाजीनं तिचं डोकं साफ केलं. "आता बस."

"आता हिचं. हे रातभर रडून राह्यली होती."

तिचंही झालं. मग तिसरी, मग चौथी.

"अन हे कोन?"

"हिचं नाव मले ठाऊक नाई. पन हिचं बी करा!"

रामाजीची फणी थांबेना. शेवटी वॉर्डनबाईसुद्धा इकडंतिकडं पाहत त्याच्यापुढं येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "जरा देखो, हमारे में भी कुछ है क्या." निघाल्या! चांगल्या टपोऱ्या निघाल्या!

ऊन कलायला लागलं. रामाजी घाबरला.

"चारू, काऊन असं करून राह्यली? उद्या तुयेच केस जातीन ना!"

पोरगी अंगठ्यानं माती उकरत राहिली. "माझं झालं का तुमी गावाले जाता," ती म्हणाली. "म्हनून."

रामाजीनं तिला ओढून गुडघ्यांत बसवलं आणि वेणी सोडली. डावी बाजू झाली, उजवीला तेल लावलं, आणि घंटा झाली.

"टैम अय्पोयिंदि! टैम झाला, चला बाहेर!" रेणुकाबाई ओरडली.

"अर्धंच झालं वं बाई!"

पण वेळ म्हणजे वेळ. रामाजी हातात फणी घेऊनच फाटकाबाहेर आला.

बसमध्ये त्याचं स्वतःचं डोकं खाजायला लागलं. शेजारचा सरकला, मग उठला, आणि सगळी सीट एकट्या रामाजीला मिळाली! घरी येऊन तो फणी घेऊन उंबऱ्यात बसला. पण आपल्या डोक्यातलं आपल्याला दिसत नाही, आणि बघून देणारं घरात कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं सरळ चकोट केला.

ऑफिसात हणमंतराव क्लार्कनं दचकून विचारलं, "अरे, कोणाचं झालं?"

"कोनाचं नाई साहेब. उवा झाल्या."

सगळं ऑफिस पोट धरून हसलं. रामाजीला काही हसू आलं नाही.

पुढच्या महिन्यात तो गेला तेव्हा अंगणभर दोन-दोन वेण्या आणि लाल रिबिनी उड्या मारत होत्या, आणि त्यांच्या मधोमध एकच बोडकं डोकं होतं. रामाजीनं टोपी काढली. चारुशीलेनं पाहिलं आणि ती हसून हसून खालीच बसली! तोही हसला.

मग दोघं चिंचेखाली येऊन बसले. विंचरण्याएवढे केस नव्हते. हातांचं काय करावं हे रामाजीला सुचत नव्हतं.

चारुशीला उठून त्याच्या मागं उभी राहिली. "मान खाली करा बाबा. पाहू द्या."

नुकते खुंट फुटलेल्या त्या डोक्यात काय सापडणार होतं! पण ती बोटं फिरवत राहिली, बारीक लक्ष देऊन, अगदी कानामागंसुद्धा. रामाजीनं मान वर केली नाही, कारण वर केली असती तर पोरीला त्याचे डोळे दिसले असते.

घंटा झाली.

"काईच नाई सापडलं," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात अजून पाहू."