सोनवणे मामा आणि तीन पायांचा रानबोकड

सोनवणे मामांना पाणी द्यायचं तर पेला आधी रिकामा हातात द्यावा लागे. भरलेला दिलात की ते तो उलटा करून बघत आणि पाणी तुमच्या चटईवर जाई. आमच्याकडे पेल्याच्या बुडावर मालकाचं नाव घालायची पद्धत. ते नाव वाचल्याशिवाय मामांच्या घशाखाली घोट उतरत नसे, एवढंच.

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये आम्ही राहायला गेलो, तेव्हा शेजारी म्हणून ते पहिल्यांदा घरी आले. सासूबाईंनी पाणी दिलं. ते सांडून झाल्यावर मामा म्हणाले, "हा तर मोरिवलीच्या कांबळ्यांचा. लग्नातला सेट, सहा पेल्यांचा. बाकीचे पाच कुठायत?"

सासूबाई लालेलाल झाल्या. कुठल्यातरी बारशातून तो पेला चुकून आमच्या डब्यात आला होता. त्या दिवसापासून त्या मामांना पाणीसुद्धा कपातून देत. कपावर नाव नसतं.

मामांचं कामच ते. नाक्यावरच्या सिंधी शेठच्या भांड्यांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून त्यांनी चाळीस वर्षं भांड्यांवर नावं घातली. करकरणारं मशीन सगळ्यांनी घेतलं, यांनी नाही. खिळ्याएवढी छिन्नी, लहानशी हातोडी, आणि टक टक टक करत एकेक ठिपका. शेठ आतून ओरडायचा, "साईं, गिऱ्हाईक बुढ्ढा हो जाएगा!" मामा मान वर न करता म्हणायचे, "होऊ दे. नाव तरुण राहील."

ठिपके बघून ते माणूस सांगत. हा डावखुरा, हा नवशिका, हा जेवायच्या आधीचा. त्यांच्या लेखी सगळ्यात मोठी शिवी म्हणजे 'घाईचा हात'. नेत्यांची सही, माझी रांगोळी, नगरपालिकेचा रस्ता, सगळं घाईच्या हाताचं. मी अंबरनाथला शाळेत शिकवते. माझ्या हातातला तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा बघूनही ते एकदा तेच म्हणाले होते, आणि ते खरं होतं.

साठीनंतर त्यांच्या हातात स्मार्टफोन आला आणि त्यात कुणीतरी लडाखच्या दगडांचा व्हिडिओ पाठवला. हजारो वर्षांपूर्वी कुणी दगडावर दगड आपटून काढलेले रानबोकड, शिकारी, धनुष्यं. मामा तो व्हिडिओ घेऊन अख्ख्या गॅलरीत फिरले. "बघा, ठिपके! आमच्याच धंद्यातला माणूस!"

मी म्हटलं, "मामा, एवढ्या लांब कशाला? आपल्या रत्नागिरीला कातळशिल्पं आहेत. अंबरनाथचं देऊळ तर दारात आहे."

"रत्नागिरीला जाऊन आलो. ते कोरलेलं. हे ठोकलेलं. आणि देऊळ पगारी कारागिरांचं, बाई. याला कुणी सांगितलं होतं?" मग फोन खिशात ठेवत म्हणाले, "मी जन्मभर सांगितलेलीच नावं घातली."

त्या वर्षी आमच्या विहारातून चौदा जणांची लडाखची सहल निघाली, गोम्पा म्हणजे तिथले बौद्ध मठ बघायला. यादी, वेळापत्रक, शिट्टी, सगळं माझ्याकडे. मामांनी पहिलं नाव दिलं. शेठने त्यांच्याकडे रिकामी बाटली दिली. त्याचे आजोबा सिंधूकाठचे. "साईं, दरिया का पानी लाना." मामांनी ती लेहजवळ सिंधूत भरून, झाकण तीनदा आवळून, स्वेटरात गुंडाळून आणली. शेठने ती झूलेलालच्या तसबिरीशेजारी ठेवली.

गोम्पांमध्ये मात्र मामांचं लक्ष नव्हतं. वंदन करून ते लगेच बाहेर येत आणि आमचा ड्रायव्हर नोर्बू याला विचारत, "दगड किधर है?" नोर्बू तिशीतला, कमी बोलणारा. चौथ्या दिवशी त्याने आपण होऊन गाडी नदीपासून आत वळवली. चढत चढत आम्ही एका उंच दरीत पोचलो. खाली जवाची हिरवी शेतं, वर बोडके डोंगर, आणि उतारावर तपकिरी, उन्हाने काळवंडलेले मोठाले दगड. प्रत्येकावर चित्रं.

मी जाहीर केलं, "वीस मिनिटं!"

मामा धापा टाकत या दगडावरून त्या दगडाकडे जात होते. हात मात्र लावत नव्हते. तळहात चित्रापासून बोटभर अंतरावर धरून फिरवायचे, गरम तव्याचा अंदाज घेतात तसा. मी बोलवायला गेले तेव्हा ते एका बुटक्या दगडापुढे बसले होते. त्यावर मागे वळलेल्या लांब शिंगांचा एक रानबोकड होता. पाय तीन. चौथ्याचे नुसते चार ठिपके.

"इथं थांबला तो," मामा म्हणाले.

"दमला असेल."

"नाही. दमलेल्याचे ठिपके उथळ पडतात. हे चारही खोल आहेत. हात जोरात होता. कुणीतरी हाक मारली असणार. आलोच म्हणाला असेल आणि गेला."

खालून बायका थंडीने कुरकुरत होत्या. बाजार बंद व्हायच्या आत लेहला पोचायचं होतं. मी शिट्टी वाजवली.

"बाई, अर्धा तास द्या. काही करत नाही, नुसता बसतो."

"मामा, पुढच्या वेळी नक्की. मी स्वतः घेऊन येईन तुम्हाला."

ते लगेच उठले. वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. घातला असता तर मला बरं वाटलं असतं, निदान आज. लेहच्या बाजारात आम्ही जर्दाळू आणि शाली घेत अडीच तास काढले. मामा गाडीतच नोर्बूशेजारी बसून राहिले. लांबून दिसत होतं, ते काहीतरी बोलत होते आणि नोर्बू चक्क हसत होता.

पुढची वेळ आली नाही. एक वर्ष परीक्षा, एक वर्ष सासूबाईंचं आजारपण, मग आम्ही बदलापूरला नवा फ्लॅट घेतला. बदलापूर ते उल्हासनगर म्हणजे काय अंतर? एकदा जाऊन येऊ, असं मी दर महिन्याला म्हणत होते. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन सुरतेला. मामा एकटे आहेत हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि जाणं यात किती अंतर असतं, तेही कळत होतं.

गेल्या थंडीत एका रविवारी दुपारी फोन आला. "मॅडम, जुले. नोर्बू बोल रहा हूँ, लेह से. मामाजी ठीक हैं ना?"

"का? म्हणजे, क्यों?"

"हर संडे ग्यारह बजे उनका फोन आता था। अब तीन संडे हो गए, उनका फोन भी बंद है।"

"हर संडे? कब से?"

"आप लोग गए, तब से। पत्थर का हाल पूछते हैं।"

मी तशीच निघाले. मामांचं दार उघडंच होतं. ते खुर्चीत बसले होते. ओठांचा उजवा कोपरा खाली ओढलेला, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. महिन्यापूर्वी झटका येऊन गेला होता. मुलगी येऊन राहून परत गेली होती. शेजारची बाई जेवण देत होती. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि कुणी का कळवावं?

त्यांचं बोलणं जड झालं होतं. मला प्रत्येक वाक्य दोनदा विचारावं लागलं.

"नोर्बूचा फोन आला होता मामा. तुम्ही फोन का नाही केला?"

"केला होता, शेजारणीच्या फोनवरून. माझा मी पडलो तेव्हाच फुटला. त्याला कळेना मी काय बोलतो ते. हॅलो हॅलो केलं आणि राँग नंबर म्हणून ठेवला." ओठ पुसून ते म्हणाले, "मग म्हटलं, कशाला त्रास."

मी तिथूनच नोर्बूला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सांगितलं, मामाजी बोलतील, मी समजावून सांगेन. पलीकडे गाडीचं इंजिन बंद केल्याचं ऐकू आलं. मग, "मामाजी!"

मामा बराच वेळ शब्द जुळवत राहिले. मला वाटलं, दगडाचं विचारतील. ते म्हणाले, "आईचा गुडघा?"

मी हिंदीत सांगितलं.

"ठीक है अब। धूप में बैठती है। रोज़ पूछती है, उल्हासनगरवाले का फोन आया क्या।"

मामांची मान हलली. "मुलीचे दात आले?"

आले होते. चार. मग गाडीचं, बर्फाचं, जवाच्या पिकाचं. ज्या घराचा मला पत्ता नव्हता, त्या घरातलं एकेक माणूस मामांनी नावानिशी विचारलं. मी मध्ये बसून शब्द इकडचे तिकडे करत होते. शेवटी मीच हळूच म्हटलं, "मामा, दगडाचं विचारू?"

त्यांनी डाव्या हाताने नको अशी खूण केली. "ते तर... फोन करायला कारण होतं, बाई."

फोन ठेवल्यावर मी चहा केला. मामा खिडकीकडे बघत होते. मग अगदी सावकाश, मला पहिल्याच खेपेला कळावं म्हणून शब्द तोडून तोडून, त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी... अकरा वाजता... तुम्हाला जमेल?"

"नक्की जमेल," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, पण माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला की नाही, ते मला कळलं नाही.