हिराकाकीची सूनबाई

आमच्या भिसेगावातल्या हिराकाकीला बसलेली पाहिलंय असं सांगणारी माणसं कमी. चहा उभ्याने, भांडण उभ्याने, दळण आणायला गेली तर गिरणीवाल्याच्या बाकाकडे पाठ करून उभी. एकदा खालापूरच्या एसटीत मी तावातावाने भांडून तिच्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची सीट रिकामी करून घेतली. सीटवरचा तरुण उठला, कंडक्टर वरमला, आणि काकीने त्या सीटवर आपली पिशवी ठेवली. स्वतः दांडा धरून उभी. वर मलाच म्हणाली, "बसलं का संपलं, कागदवाल्या."

कागदवाल्या म्हणजे मी. अन्याय दिसला की मी पत्रक काढतो. पाण्याच्या टाकीवर काढलं, खड्ड्यांवर काढलं, बंद पडलेल्या दिव्यांवर काढलं. काकी माझं प्रत्येक पत्रक मागून घ्यायची. मला वाटायचं, चला, एक तरी जागरूक नागरिक आहे. नंतर कळलं, ती त्यांच्यावर पापड वाळत घालते.

ती बसायची एकाच कामासाठी. काकी धवलारीण. आमच्याकडे लग्नात हळदीपासून नवरी घरात येईपर्यंत प्रत्येक विधीला धवले गातात, आणि ते गाणारी बाई ती धवलारीण. तांदळाच्या पिठाने काढलेल्या चौकाशेजारी जमिनीवर मांडी घालायची आणि चार-चार तास गायचं. वही नाही, पुस्तक नाही, सगळं तोंडपाठ. कर्जत-खालापूरकडच्या कितीतरी सुना तिच्या आवाजावर उंबरठा ओलांडून आत गेल्यात. तिच्या स्वतःच्या घरात मात्र ती एकटी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही.

मग तिचा उजवा खुबा झिजला. आधी लंगडली, मग भिंत धरून चालली, मग भिंतही पुरेना. पनवेलला नेऊन खुबा बदलला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, खाली वाकायचं नाही. मी तिथेच पेटलो. मांडी घालू न देणारा खुबा आपल्या देशात विकतातच कसा, असं विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकीने माझ्या हातात औषधांची पिशवी दिली आणि रिक्षा बघायला पिटाळलं.

त्या खुब्याला तिने पहिल्या दिवसापासून सूनबाई म्हणायला सुरुवात केली. दुखायला लागलं की म्हणायची, "नवीन आलीय, आठ दिस रडनारच." व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, ती पाय दहा वेळा उचला म्हणायची. काकी आकडे मोजत नसे. एका कडव्याला एकदा पाय वर. कडवं लांबलं की पाय तसाच वर, आणि ती मुलगी वही मिटून ऐकत बसायची. शेजारणी बघायला येऊन डोळे पुसायच्या, आता काकीने देव-देव करावं म्हणायच्या. काकी त्यांना सांगायची, "सून माझी, रडता तुमी कशाला?" तिसऱ्या महिन्यात ती काठी घेऊन दहिवलीच्या पुलापर्यंत जाऊन यायला लागली. पाचव्या महिन्यात काठीचा उपयोग फक्त कुत्री हाकलायला आणि मला ढोसायला उरला.

आणि तेव्हाच दहिवलीतल्या एका घरात लग्न निघालं. नवरदेवाच्या आईच्या लग्नात धवले काकीनेच गायले होते. या वेळी मात्र आमंत्रण आलं ते नुसतं जेवायचं. नवरदेवाचे थोरले काका, तुकारामशेठ, त्यांचा हिशेब सरळ होता. धवलारीण जमिनीवरच बसली पाहिजे. खुर्चीवर बसली तर चौकात मांडलेल्या देवापेक्षा उंच होणार. तेव्हा नकोच ती. मोबाइलवर धवले मिळतात, स्पीकर लावू.

एका लग्नात स्पीकर चालला की पुढच्या लग्नात धवलारणीला कोण बोलावणार? हे मला कळलं आणि काकीला माझ्याआधी कळलं. त्या दिवशी ती दारात उभी होती, पण चौकटीला टेकून उभी होती. तसं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मी रातोरात पत्रक लिहिलं. "धवलारणीला खुर्ची नाकारणारे तुम्ही कोण?" दोनशे प्रती. खालापूरच्या स्टँडपासून दहिवलीपर्यंत वाटल्या. संध्याकाळी मोठ्या अभिमानाने एक काकीला नेऊन दिली. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच खड्या आवाजात वाचून दाखवली.

ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "सगल्या तालुक्याला सांगून आलास, हिरा बसू शकत नाय म्हनून. खुर्ची मी मागितली व्हती?"

इतक्या पत्रकांमध्ये मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता.

हळदीच्या सकाळी तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं आणि निघाली. मी रिक्षा थांबवली, तिने ती हातानेच पुढे घालवली. पूल चालत ओलांडला. मांडवात चौक काढून झाला होता, नवरदेव पाटावर बसला होता, स्पीकर नुकता खोक्यातून बाहेर येत होता. तुकारामशेठ खुर्चीवरून म्हणाले, काकी, या, बसा. पण धवले खाली बसूनच, ते काय तुम्हाला जमायचं नाय.

काकी चौकाशेजारी जाऊन उभी राहिली. "आंतरपाट धरतात तवा कोन बसलेला असतो रं तुका? नवरा उभा, नवरी उभी, भट उभा. लगीन उभ्यानं लागतं. मंग माज्या गान्याला बसायला कशाला पायजे?"

आणि उत्तराची वाट न बघता तिने आवाज लावला.

पहिल्या कडव्याला नवरदेवाची आई जमिनीवरून उठली. धवलारीण उभी असताना ती कशी बसणार? तिच्यामागे तिची जाऊ, मग नणंदा, मग गुडघे धरून दोन म्हाताऱ्या. मांडवातल्या सगळ्या बायका उभ्या राहून ओळी झेलायला लागल्या. खुर्चीवर एकटे तुकारामशेठ उरले. दुसऱ्या धवल्याला तेही उठले, आणि उठल्यावर हातांचं काय करावं ते न कळून त्यांनी स्पीकर परत खोक्यात भरला. काकी सगळे विधी होईपर्यंत उभ्याने गायली. निघताना पुढच्या दोन लग्नांची बोलावणी घेऊनच निघाली.

दुपारी तिच्या दाराशी आलो. मी तिच्यासाठी कुलूप उघडलं, पण ती आत जाईना. मला म्हणाली, माप तांदळाने भर आणि उंबरठ्यावर ठेव, मला वाकायचं नाय. मी ठेवलं. तिने पदर डोक्यावर घेतला, उजवा पाय, तोच पाय, हळूच पुढे केला आणि माप लवंडलं. नवरी घरात घेतानाचा धवला ती अगदी बारीक आवाजात गात होती. गाता गाता आत गेली.

मी उंबरठ्यात बसून तांदूळ गोळा करत होतो. आतून तिची सूचना आली.

"सगले दाने येच रं. आज दोघींचा भात घालायचाय."