चार नंबरचा सूर

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आप्पासाहेब रणपिसे यांनी आवाजाच्या मशिनवर आल्याचा चहा सांडला. मशीन एकदा कुरकुरलं आणि कायमचं गप्प झालं. "चहा फार गरम होता," आप्पासाहेब म्हणाले. म्हणजे चूक चहा करणाऱ्याची. चहा जावयाने, म्हणजे अभयने केला होता, तेव्हा विषय तिथेच संपला.

मशीन जेवणाच्या डब्याएवढं. माइकची वायर एका बाजूने त्यात शिरायची आणि दुसऱ्या बाजूने स्पीकरकडे जायची. मधल्या वाटेत आवाजाचं काय वाटेल ते करता यायचं. कर्वेनगरच्या हौशी गायक मंडळात ते अभयनेच आणलं होतं. हडपसरला एका आयटी कंपनीत तो दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचा पगार घेई. मंडळातल्या प्रत्येकासाठी त्याने संगणकावर वेगळं सेटिंग तयार केलं होतं आणि प्रत्येकाला नंबर दिला होता. माइकसमोर यायचं, आपला नंबर दाबायचा आणि गायचं.

एक नंबर मैनुद्दीनभाईंचा. ते विरहाची गाणी गात, म्हणून त्यांना दरीत उभं राहून गायल्यासारखा घुमारा. दोन नंबर निवेदन करणाऱ्या उल्काताई पाटणकरांचा, साधा. चार नंबर सीतारामकाका लेल्यांचा, तोही साधा. काका रीतसर शास्त्रीय शिकलेले. "माझ्या आवाजाला तुमच्या यंत्राने बोटसुद्धा लावायचं नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

तीन नंबर आप्पासाहेबांचा, आणि तिथेच खरी गोम होती.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर आप्पासाहेब मंडळात गायला लागले, तेव्हा पहिल्याच गाण्याला अर्धं सभागृह पाणी प्यायला उठलं होतं. घरी येऊन ते न जेवता झोपले. पुढे कितीतरी दिवस ते घरात कुणाशी धड बोलेनात, आणि जे बोलत ते अभयबद्दल असे. शेवटी त्यांची मुलगी मैत्री नवऱ्याला, म्हणजे अभयला म्हणाली, "तू आयटीत आहेस ना? मग बाबांच्या सुराचं काहीतरी कर."

अभयने केलं. तीन नंबर दाबला की आप्पासाहेबांचा सूर कुठेही पडो, मशीन त्याला मानगुटीला धरून जवळच्या योग्य सुरावर आणून बसवी. आप्पासाहेब हरकती, ताना घेत नसत, रस्त्यावर रोलर फिरवावा तसे सरळ गात, त्यामुळे ही कारागिरी कुणाच्या ध्यानात आली नाही. खुद्द आप्पासाहेबांच्याही नाही. "रियाज केला की होतं," असं ते सांगू लागले. घरात शांतता नांदू लागली. हे गुपित फक्त अभय आणि मैत्रीला ठाऊक होतं.

रविवारी सकाळी अभयने लक्ष्मी रोडवरून नवं मशीन आणलं. जुन्याच कंपनीचं, पण पुढचं मॉडेल. सगळी सेटिंग्ज संगणकात होतीच. ती वायर जोडून मशिनमध्ये पाठवायची, एवढंच काम. त्याने वायर जोडली, कोणतं सेटिंग कुठल्या नंबरवर जायचं ते भरलं आणि बटण दाबलं. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकली आणि 'काम पूर्ण' असा निरोप आला.

आता माइक लावून प्रत्येक नंबरवर एकदा 'हॅलो' म्हणून बघायला हवं होतं. ऑफिसात दुसऱ्या कुणी हे केलं नसतं, तर अभयने त्याला लांबलचक मेल लिहून साऱ्या साहेबांना प्रत पाठवली असती. पण तेवढ्यात सासूबाईंचा, चंपाताईंचा फोन आला.

"अभयराव, हॉलवर सतरंज्या पोचवायच्यात. रिक्षावाला म्हणतो, माणसं नेतो, सतरंज्या नेत नाही."

अभय तसाच उठला.

संध्याकाळी सोसायटीचा हॉल भरला. उल्काताई माइकसमोर आल्या आणि त्यांनी दोन नंबर दाबला.

"रसिकहो, नमस्कार," त्या म्हणाल्या.

"नमस्कार... मस्कार... स्कार..." हॉल म्हणाला.

उल्काताईंनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. "आज आपल्यात," त्यांनी पुन्हा सुरुवात केली, "पल्यात... ल्यात..." असं ऐकून थांबल्या, प्रतिध्वनी विरण्याची वाट पाहिली, मग पुढचा शब्द उच्चारला. या गतीने स्वागत व्हायलाच बराच वेळ गेला.

"एकदाच सांगा, उल्काताई," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. "आम्हाला कळतं."

मग मैनुद्दीनभाई आले. शिडशिडीत, मृदू, बोलतानाही समोरच्याला त्रास होऊ नये अशा बेताने बोलणारे. त्यांनी एक नंबर दाबला, डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. स्पीकरमधून आवाज आला तो विहिरीच्या तळाशी बसलेल्या राक्षसाचा. प्रेयसीची आठवण काढणारी ती ओळ ऐकून प्रेयसी गाव सोडून का गेली असेल, हे सगळ्यांना एका क्षणात पटलं. पहिल्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं.

मैनुद्दीनभाई थांबले. "माफ करा," ते म्हणाले, "हा मी नाही." पण तेही त्याच आवाजात म्हणाले, त्यामुळे पोर आणखी जोरात रडू लागलं.

आता अभयच्या डोक्यात प्रकाश पडला. जुनं मशीन एकपासून मोजायचं. नव्याला पाठवणारा प्रोग्रॅम मोजणी शून्यापासून करत होता. म्हणजे अभयने 'एक' म्हटलेलं सेटिंग दोनमध्ये गेलं, दोनचं तीनमध्ये, आणि एक नंबरवर कारखान्यातूनच आलेला राक्षस तसाच बसून राहिला. असली चूक तर तो नव्याने लागलेल्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवत असे. मग त्याने पुढचा नंबर मोजला. तीनचं चारमध्ये. आप्पासाहेबांचं सीतारामकाकांकडे.

तो धावत स्टेजपाशी गेला. आप्पासाहेब माइकसमोर उभे राहून शाल सारखी करत होते.

"आप्पा, एक मिनिट. तीन नको, चार दाबा."

"अभयराव, खाली बसा," आप्पासाहेब पुटपुटले. "आधीच दोघांचा विचका झालाय. तुमची लुडबुड पुरे."

त्यांनी तीन दाबलं आणि कुठल्याही मदतीशिवाय गायले. सूर इकडे गेला, तिकडे गेला, मध्येच रस्ता चुकून बोळात शिरला. पण घुमारा आणि राक्षस ऐकून भेदरलेल्या श्रोत्यांना निदान माणसाचा आवाज आल्याचाच इतका आनंद झाला की त्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. मैत्री दोन्ही हातांत तोंड धरून बसली होती. तिने बोटांच्या फटीतून अभयकडे पाहिलं.

अभय आता दुसऱ्या बाजूने येणाऱ्या सीतारामकाकांना आडवा गेला. "काका, तुम्ही चार दाबू नका. तीन दाबा."

"माझा नंबर चार आहे," सीतारामकाका म्हणाले. "तुम्हीच दिलाय. दुसऱ्याची चप्पल आणि दुसऱ्याचा नंबर मी वापरत नाही."

काकांनी चार दाबलं आणि वरच्या सुरावरून खाली घसरत येणारी सुंदर मींड घेतली. मशिनला मींड माहीत नव्हती. त्याने ती पकडली, तिचे तुकडे केले आणि एकेक तुकडा पायरीवर मांडला. काकांचा आवाज जिन्यावरून गडगडत आलेल्या स्टीलच्या डब्यासारखा खाली आला. काकांनी तान घेतली, तर टेलिफोनच्या आत बसलेली बाई गातेय असं वाटलं. काकांचा चेहरा लाल झाला, पण गाणं अर्धवट सोडायचं नाही हे गुरूंचं शिक्षण, म्हणून त्यांनी ते शेवटपर्यंत नेलं.

मध्यंतर झालं. वडे आले, पण कुणाचं लक्ष वड्यांत नव्हतं.

"सूर दुरुस्त करायचं यंत्र असतं म्हणतात," आप्पासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझ्या पुतण्याने दाखवलंय. अगदी असाच आवाज येतो. सीतारामपंत, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"मी?" सीतारामकाका म्हणाले. "मी यंत्र लावून गातो?"

"आम्ही ऐकलं ते ऐकलं. माझाही घसा आज बसला होता. मी नाही झाकला."

"ते मात्र खरं," उल्काताई म्हणाल्या. "आप्पासाहेबांनी काही म्हणजे काही झाकलं नाही."

सीतारामकाकांनी हातातला वडा खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि माइकशिवाय तीच चीज पुन्हा म्हटली. मींड रेशमासारखी उतरली.

"ऐकलंत?" काका म्हणाले.

"ऐकलं," आप्पासाहेब म्हणाले. "मघाशी वाजलं त्यातलं एकही अक्षर याच्याशी जुळत नाही. म्हणजे मघाचे तुम्ही नव्हताच. आता माझं ऐका."

आणि तेही माइकशिवाय गायले. जिथे मघाशी घसरले होते नेमके तिथेच घसरले, त्याच बोळात शिरले, त्याच दारावर आपटले.

"तंतोतंत," उल्काताई नाइलाजाने म्हणाल्या. "मान्य करायला हवं. यांनी यंत्र लावलेलं नाही."

तर्कात खोट कुठेच नव्हती. सगळा जन्म सीतारामकाकांनी एका सुरासाठी घालवला होता आणि आज वड्यांच्या टेबलाशी ते लबाड ठरत होते. कुणीतरी म्हणालं, पुढच्या महिन्यापासून त्यांचं नाव घ्यायचं की नाही, ते कमिटीने ठरवावं. अभयने मैत्रीकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली. पण ती 'सांग' म्हणून हलवली की 'सांगू नकोस' म्हणून, ते काही त्याला उमगलं नाही.

"काकांचा दोष नाही," तो पुढे होऊन म्हणाला. "सेटिंग्ज भरताना माझी चूक झाली. सगळी एका घराने सरकली. सूर दुरुस्त करणारं सेटिंग चुकून काकांच्या नंबरवर बसलं."

"पण मुळात ते मशिनमध्ये होतंच कशाला?" आप्पासाहेबांनी विचारलं. "कुणासाठी होतं?"

अभयने सासऱ्यांच्या खांद्यावरची शाल पाहिली, त्यांच्या चेहऱ्यावरचा नुकताच उमटलेला विजय पाहिला. घरी बंद होणारं जेवण त्याला दिसू लागलं.

"माझ्यासाठी," तो म्हणाला.

"तुम्ही गाता?"

"प्रयत्न करतो. घरी, कुणी नसताना. सूर कच्चा आहे, म्हणून... मशीन."

सीतारामकाकांनी अभयकडे पाहिलं, मग आप्पासाहेबांकडे, मग परत अभयकडे. गेल्या दोन वर्षांतलं आप्पासाहेबांचं एकेक गाणं त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकत असावं. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली.

"असं आहे होय," ते म्हणाले. "माझ्या मनात आता काही नाही. वडे निवताहेत." आणि अभयच्या जवळून जाताना हलक्या आवाजात म्हणाले, "अभयराव, सोसवेल ना?"

काय सोसायचं ते अभयला लगेच कळलं. आप्पासाहेबांचे डोळे पाणावले होते.

"घरात मी असताना मशिनकडे गेलात?" ते म्हणाले. "एका शब्दाने बोलायचं होतं. उल्काताई, पुढच्या कार्यक्रमात यांचं नाव लिहून ठेवा. मशीन नाही, काही नाही. मी तयार करतो. आणि अभय, शिष्याला मी अहो-जाहो करणार नाही. उद्या सहाला ये."

दुसऱ्या दिवशी पहाटे अभय सासऱ्यांसमोर मांडी घालून बसला. आप्पासाहेबांनी मोबाइलवर तंबोरा सुरू केला, डोळे मिटले आणि 'सा' लावला. तंबोरा एका ठिकाणी होता आणि आप्पासाहेब त्याच्यापासून सोयीच्या अंतरावर.

"लाव," ते म्हणाले.

अभयने तंबोऱ्यात 'सा' लावला.

"चुकला. माझ्याकडे बघ. ऐक आणि लाव."

अभयने तंबोऱ्याचा आवाज कानाआड केला, सासऱ्यांचा 'सा' नीट ऐकला आणि आपला आवाज तिथे नेऊन ठेवला. आतल्या खोलीतून चंपाताईंनी दार लोटून घेतलं.

"आत्ता लागला," आप्पासाहेब समाधानाने म्हणाले. "गळा आहे तुला. कान तेवढा तयार करायला हवा."