देवराव सरांचे लाकडी पोपट

देवराव सर भेटले की नमस्काराची सोय नव्हती. हात जोडायच्या आत ते मनगट धरायचे, घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "अठ्ठ्याऐंशी. काऊन घाबरून राह्यले?"

मी कशाला घाबरतो! मी आदिलाबादच्या कॉलेजात खेळ शिकवणारा, शिट्ट्या फुंकून दमलेला माणूस. सर तिथंच मानसशास्त्र शिकवत. सामन्याआधी खेळाडूला धास्ती का भरते, हा त्यांचा पीएच.डी.चा विषय. अकरा वर्षं ते त्यावर डोकं शिणवत होते आणि माझी कबड्डीची टीम त्यात भरडली जात होती. सामना तोंडावर आला की सर वही घेऊन हजर. "बस, एक मिनिट," म्हणत सातही जणांची नाडी मोजायचे.

उटनूरचा भीमराव, माझा चढाईतला हुकमी गडी, एकदा वैतागलाच. "सर, आमी बरे असतो. तुमी मोजलं की धडधड होते."

सरांनी तेही वहीत उतरवून घेतलं. आता बोला!

शेवटी प्रबंध झाला. तोंडी परीक्षा तेवढी उरली, हैदराबादला. सर गेले आणि संध्याकाळी परत. म्हणे, बस बिघडली. दुसऱ्यांदा पोट बिघडलं. तिसऱ्यांदा काही बोललेच नाहीत. दर वेळी येताना मात्र वाटेतल्या निर्मल गावचा एक लाकडी पोपट आणून टेबलावर ठेवला. मला वाटलं, असेल हौस.

परीक्षेची चौथी तारीख आली ती शेवटची म्हणून. सर माझ्याकडे आले. "मास्तर, सोबत येता?" घरी त्यांना विचारण्यासारखं कोणी नव्हतं. माझी हक्काची सुट्टी गेली, पण गेलो.

निर्मलला बस थांबली. सर पिशवी घेऊन उठले. चेहरा पांढराफटक. "मास्तर, मी उतरतो. एक पोपट घेतो."

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. तिन्ही वेळा हा माणूस इथंच उतरून माघारी फिरला होता. आधी राग आला, मग फार वाईट वाटलं. मी मनगट धरून त्यांना खाली बसवलं. नाडी सुसाट पळत होती.

"बहात्तर," मी ठोकून दिलं. "एकदम बरोबर."

सरांनी माझा हात उलटापालटा करून पाहिला. "मास्तर, तुमच्यापाशी घड्याळ कुठी हाये?"

मी दुसराही हात दाखवला. तोही रिकामा.

"मग मोजू नका," ते हळूच म्हणाले. "नुसतं धरून राहा."

बस सुटली. हैदराबाद येईपर्यंत माझा हात पार अवघडला, पण सोडला नाही.