सासऱ्यांचा काटा

जुनी मीटरं दुरुस्त करण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या अख्ख्या शहरात नाही. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. आठवडाभर ऑफिसात फायली सरकवतो, पण रविवारी आमचं जेवणाचं टेबल म्हणजे प्रयोगशाळा! बायको ताट मांडीवर घेऊन जेवते, तो भाग वेगळा.

माझ्या सासऱ्यांनी एका कारखान्यात एकतीस वर्षं मीटर तपासण्याचंच काम केलं. त्यांच्या घरी एक लोखंडी कपाट होतं. त्यात जुने ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर, लाकडी पेट्यांतली व्होल्टमीटरं. आता ते लहान घरात राहायला जाणार होते आणि कपाट एक तर माझ्याकडे येणार होतं, नाही तर भंगारात. आठ वर्षं मी त्या कपाटाकडे नुसता आशाळभूतपणे बघत आलो होतो. शेवटी एकदाचं त्यांनी आपलं सगळ्यात लाडकं व्होल्टमीटर माझ्या हातात ठेवलं.

"जावईबापू, हे शंभर व्होल्टला सत्त्याण्णव दाखवतंय. कॅलिब्रेट करून द्या. जमलं तर कपाट तुमचं. फक्त काट्याला हात लावायचा नाही."

"छे हो बाबा, काट्याला कशाला हात लावीन?"

रविवारी पाच वाजता ते बघायला येणार होते. चार वाजता मी काट्याला हात लावला.

त्याचं काय झालं, काटा तबकडीला किंचित घासत होता. म्हटलं, एवढासा वर उचलला की काम फत्ते. चिमट्याने धरला, तर तो अलगद सुटून चिमट्यातच आला. कपाट डोळ्यांसमोरून भंगाराच्या गाडीत चढलं. मी ताबडतोब घड्याळजींना फोन लावला. हे आमच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करतात आणि नाजूक काम अडलं की मी त्यांच्याच दारात जातो.

बायको बाजारात गेली होती. पण तिची मोठी मावशी आठवडाभर आमच्याकडे राहायला आलेली, ती स्वयंपाकघरात चहा करत होती. तिच्या कानावर पडलं ते माझ्या बाजूचं बोलणं.

"घड्याळजी, घोटाळा झाला. मी सासऱ्यांचा काटा काढला."

"..."

"आत्ताच. मुद्दाम नाही हो, नुसता हात लावला तर खेळ खल्लास."

"..."

"बॉडी? ती उघडीच पडलीय टेबलावर. बायको यायच्या आत पिशवीत घालून आणतो तुमच्याकडे. पाचच्या आत सगळं निस्तरायला हवं."

आत चहा उतू गेल्याचा वास आला. मावशी मागच्या दाराने बाहेर पडली. मला वाटलं, साखर संपली असेल.

साखर कसली संपतेय! मावशीने जिन्यात बसून आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना फोन लावला होता. "अगं, तुझा नवरा कुठे आहे?" सासूबाई म्हणाल्या, "जावयाकडे जातो म्हणून मघाशीच निघालेत. फोन इथेच विसरलेत." प्रत्यक्षात सासरे वाटेत दाढी करून घ्यायला थांबले होते. पण हे मावशीला कोण सांगणार?

टेबलाखाली घरंगळलेले स्क्रू शोधण्यात माझा अर्धा तास गेला. मग मी मीटर पिशवीत घालून दार उघडलं, तर समोर मावशी, सासूबाई, बायको आणि मेहुणा. मेहुणा नुकताच वकील झालाय.

"भाऊजी, एक अक्षर बोलू नका," तो सगळ्यांना आत घेत म्हणाला. "जे बोलायचं ते मी बोलेन."

सासूबाईंचे डोळे रडून लाल झाले होते. मला भरून आलं. एका मीटरवर या घराचा एवढा जीव असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"आई, चुकलो मी," मी म्हणालो. "बाबांनी बजावलं होतं, तरी हात लावला. पण धीर सोडू नका. घड्याळजी म्हणतायत, चिकटवता येईल."

"चिकटवता?" सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या.

"गप्प बसा म्हटलं ना," मेहुणा ओरडला.

बायको माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत होती. "यात काय आहे?"

"बाबांचंच आहे. काटा तेवढा वेगळा काडेपेटीत ठेवलाय."

"काडेपेटीत?" ती थबकली. "कसला काटा?"

मी उत्तर देणार तेवढ्यात उघड्या दारातून सासरे आत आले. गुळगुळीत दाढी, हातात पिशवी. "आज सगळे इथेच? काही विशेष?"

मावशीने भिंत धरली. सासूबाई आधी रडल्या आणि मग "फोन न्यायला काय होतं तुम्हाला?" म्हणून त्यांच्यावर तुटून पडल्या. सगळा उलगडा व्हायला पाच मिनिटं लागली. मग जो तो हसत सुटला. मेहुणा जरा कमी हसला, कारण त्याची पहिलीच खुनाची केस हातची गेली होती.

सासरे मात्र हसेनात.

"म्हणजे मीटरचा काटा काढलात?"

"हो, बाबा."

"माझ्या मीटरचा?"

"हो."

"त्यापेक्षा माझा काढला असतात तर परवडलं असतं."

मग त्यांनी चष्मा लावला, घड्याळजींना घरी बोलावून घेतलं आणि दोघांनी तासाभरात काटा बसवला. सासऱ्यांनी पिशवीतून आपलं खात्रीचं दुसरं मीटर काढून शेजारी ठेवलं. दोन्ही काटे शंभरावर उभे. मी "जमलं की" म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर बघून मिटलं.

कपाट भंगारात गेलं नाही. माझ्याकडेच आलं. मात्र कपाटामागोमाग दर रविवारी सासरेही येतात, सकाळी दहा ते पाच. किल्ली त्यांच्या खिशात असते आणि टेबलाशी मी उमेदवार म्हणून उभा असतो. गेल्या रविवारी त्यांनी पहिल्यांदाच स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी अधीरपणे ऑसिलोस्कोपकडे वळलो.

"उघडायला नाही, जावईबापू," ते म्हणाले. "पुसून ठेवायला."